एकरी दहा लिटर

शेतकऱ्याकडे औषधाचं माप पंपात असतं. "पंपाला सात ग्रॅम" असं कृषी केंद्रवाल्यानं सांगितलेलं असतं आणि तोच आकडा तो ड्रोनवाल्यालाही सांगतो. पायलटनं तो जसाच्या तसा टाकीत ओतला, की त्या दिवसाची फवारणी पाण्यात गेली.

इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी (पाण्यात विरघळणारं दाणेदार कीटकनाशक) घ्या. तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी शिफारस हेक्टरी २२० ग्रॅम, म्हणजे एकरी ८८ ग्रॅम. पाठीवरच्या पंपानं एकरी २०० लिटर पाणी धरलं तर १५ लिटरचे तेरा-साडेतेरा पंप होतात आणि पंपाला साडेसहा-सात ग्रॅम येतं. ड्रोनची टाकी १० लिटरची आणि तेवढ्यातच एकर भागवायचा असतो, म्हणून पूर्ण ८८ ग्रॅम त्या एका टाकीत जायला हवं. सातच ग्रॅम गेलं तर अळी मजेत राहते आणि "ड्रोनचं औषध लागत नाही" ही बातमी गावभर होते.

एकरी मात्रा तीच, पाणी विसावा हिस्सा. या कामातली बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात.

पहिलं दुखणं मिश्रणाचं. कीटकनाशक, बुरशीनाशक, १९:१९:१९ हे विद्राव्य खत, टॉनिक आणि वर स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव), असा पाच जणांचा मेळा २०० लिटरमध्ये कसाबसा नांदतो. दहा लिटरमध्ये त्याचं दही होतं. विद्राव्य खताचं तर साधं गणित आहे: २०० लिटरला २ किलो म्हणजे एक टक्का, तेच १० लिटरला टाकलं तर वीस टक्के. पानं करपतील, नाहीतर त्याआधी नोझल (फवारा सोडणारी तोटी) तुंबेल. खत ड्रोनमधून द्यायचा आग्रह असेल तर स्पष्ट नाही म्हणावं, गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

दोन औषधं एकत्र करायचीच असतील तर आधी पारदर्शक बाटलीत बघायचं. एक लिटर पाणी, त्यात एकरी मात्रेचा दहावा हिस्सा. वरच्या औषधाचा ८.८ ग्रॅम. क्रमही ठरलेला: आधी पावडर किंवा दाणेदार औषध, ते पूर्ण विरघळलं की एससी (बारीक कण तरंगणारं घट्ट द्रव), मग ईसी (तेलकट द्रव), सगळ्यात शेवटी स्टिकर. बाटली हलवून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. तळाशी गाळ, वर तेलाचा थर, मध्ये फुटक्या दुधासारख्या गाठी किंवा बाटलीला हाताला जाणवेल इतकी ऊब, यातलं काहीही दिसलं तर ते मिश्रण टाकीत न्यायचं नाही. टाकीतही आधी निम्मं पाणी, मग बादलीत कालवलेलं औषध गाळून, मग उरलेलं पाणी. फेस आला तर बसू द्या. फेसाबरोबर हवा पंपात गेली की मोटर फिरत राहते आणि नोझल कोरडं.

दुसरं दुखणं कालवणाऱ्याच्या जिवाचं. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीत फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर गेले, ते विदर्भात कुणी विसरलेलं नाही. ड्रोन माणसाला त्या धुक्यातून बाहेर काढतो, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. पण बांधावर बादलीत औषध कालवणाऱ्या मदतनिसाच्या हाताशी वीस पट तीव्र द्रावण असतं. पायलट टोपी-गॉगल घालून रिमोट धरतो आणि मदतनीस उघड्या हातानं काडीनं ढवळतो, हे चित्र उलटं आहे. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, मास्क आणि प्लास्टिकचा एप्रन आधी त्याला.

आता मोजमाप. एका फेरीत फवारला जाणारा पट्टा ४ मीटर, वेग सेकंदाला ४ मीटर, म्हणजे सेकंदाला १६ चौरस मीटर. एकर ४,०४७ चौरस मीटरचा. फवारायला साधारण ४ मिनिटं १३ सेकंद. तेवढ्यात १० लिटर संपायचे तर मिनिटाला २.३७ लिटर सुटायला हवेत. चार नोझल असतील तर प्रत्येकी सुमारे ५९० मिली. ड्रोन जमिनीवर ठेवून प्रत्येक नोझलखाली मापाचा मग धरा आणि मिनिटभर साधं पाणी सोडा. एखादं नोझल बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांनी कमी-जास्त असेल तर जाळी साफ करा, तरी जमेना तर बदला. तार घालून कोरू नका, भोक मोठं होतं आणि ते नोझल कायमचं बिघडतं.

मग साध्या पाण्यानं दहा गुंठे उडवून बघा. अडीच लिटर गेलं पाहिजे. दोनच गेलं तर बहुधा वेग वाढवून ५ केलाय आणि प्रवाह तोच राहिलाय. एकराला आठच लिटर पडतील आणि पाचव्या हिश्शाचं औषध टाकीतच राहील.

उंची जमिनीपासून धरायची नाही, पिकाच्या शेंड्यापासून दोन-अडीच मीटर धरायची. मीटरभरावर आणलं तर पंख्यांच्या वाऱ्यानं पीक लोळतं आणि पट्टे उमटतात: एक ओळ औषधानं न्हालेली, शेजारची कोरडी. चारवर नेलं तर औषध दुसऱ्याच्या शेतात. विरळ तुरीत आणखी एक फसगत होते. ड्रोनची उंची मोजणाऱ्या रडारला शेंड्यांऐवजी मधली माती दिसते आणि ड्रोन खाली उतरतो. अशा शेतात उंची अर्ध्या मीटरनं वाढवून घ्यावी.

वाऱ्याला आमची मर्यादा सेकंदाला ३ मीटर, म्हणजे ताशी दहा-अकरा किलोमीटर. पट्टे वाऱ्याला आडवे, सुरुवात वारा जिकडे जातो त्या धुऱ्याकडून, आणि पायलट वारा येतो त्या बाजूला. वारा अजिबात नसणंही वाईट, हे मात्र लवकर कुणी मानत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहाटे चुलीचा धूर वर न जाता गावावर चादरीसारखा पसरलेला दिसला, की थांबायचं. वर ऊबदार हवेचं झाकण असतं, बारीक थेंब खाली बसत नाहीत, तरंगत भलतीकडे जातात. ऊन वर येऊन धूर सरळ चढू लागला की टाकी भरा. मराठवाड्यात शेजारी तुतीचा प्लॉट असेल तर आणखी दहादा विचार करा; कीटकनाशक पडलेला पाला रेशीमकिड्यांनी खाल्ला की अख्खी बॅच जाते.

कीटकनाशक नियम, १९७१ मधला नियम ४३ हवाई फवारणीची सूचना लोकांना किमान २४ तास आधी द्यायला सांगतो. कागदाचं सोडा, यात व्यवहार आहे: शेजाऱ्याला आदल्या दिवशी कळलं की तो गुरं आणि मधपेट्या हलवतो, आणि भांडण होत नाही.

उडवण्याआधी शेताला पायी फेरी मारायचीच. मोठी लाइन सगळ्यांना दिसते. ड्रोन पडतो तो खांबाच्या ताणाच्या तारेनं, विहिरीकडे नेलेल्या सर्व्हिस वायरनं किंवा आकडा टाकून ओढलेल्या काळ्या वायरनं. आणि पक्षीथांब्यांनी. घाटेअळीसाठी म्हणून तुरी-हरभऱ्यात शेतकऱ्यानंच रोवलेल्या त्या टी आकाराच्या काड्या दुरून पिकात मिसळून जातात. पतंगांना वासानं ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांचंही तेच. उंच असतील ते काढून ठेवा, फवारणी झाली की परत रोवा.

बॅटरीचं थोडक्यात: जोडी कायम जोडीनंच वापरायची, नवी-जुनी एकत्र नाही. सेलला ३.६५ व्होल्टच्या आसपास आलं की उतरवायचं. टाकीत अर्धा लिटर उरलाय म्हणून ताणायचं नाही. गरम बॅटरी चार्जरला लावायची नाही, फुगलेली तर गाडीतही ठेवायची नाही. दिवसभर काम चालू ठेवायचं तर पाच-सहा जोड्या आणि जनरेटर लागतो.

काही कामं घेऊच नयेत. हुमणी मातीत असते, उसावर वरून कितीही फवारा. सोयाबीनचा चक्रीभुंगा खोडात शिरल्यावर उशीर झालेला असतो. दाट कपाशीत पांढरी माशी पानाच्या खाली बसते आणि ड्रोनचे थेंब बहुतेक वरच पडतात. तिथे आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारं) औषध नसेल तर पैसे वाया. द्राक्षाच्या मांडवात ब्लोअरच बरा. याउलट डोक्याच्या वर गेलेला ऊस आणि चिखलात पाय न ठरणारं भाताचं खाचर, इथे ड्रोनला तोड नाही.

तणनाशकाचा ड्रोन वेगळा ठेवावा. ते परवडत नसेल तर निदान टाकी, नळ्या, जाळ्या आणि नोझल वेगळी. उसात २,४-डी हे तणनाशक मारून तीच टाकी नुसती विसळून कपाशीवर नेली, तर काही दिवसांत कपाशीची नवी पानं भेंडीच्या पानासारखी चिरटी होऊन येतात, आणि मग दोष बियाण्याला दिला जातो. एरवीही संध्याकाळी तीन धुण्या: दर वेळी दोन लिटर स्वच्छ पाणी, टाकी हलवून, पंप चालवून नोझलमधून त्याच फवारलेल्या शेतात सोडायचं. विहिरीच्या काठावर किंवा ओढ्यात नाही. नोझलच्या जाळ्या काढून जुन्या टूथब्रशनं घासायच्या. हातमोजे सगळ्यात शेवटी, आणि हातात असतानाच साबणानं धुऊन मग काढायचे.