हॅनोवरचा मेळा आणि स्टुटगार्टची गावं: धंद्यासाठी जर्मनीला निघालेल्यांना

हॅनोवर मेस्सेला, म्हणजे जर्मनीतल्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनाला, जायचं ठरलं की आधी राहायची जागा पक्की करा, विमानाचं तिकीट नंतर. त्या आठवड्यात जगभरचे कारखानदार एका मध्यम आकाराच्या शहरात उतरतात आणि हॉटेलवाले तोंडाला येईल तो दर सांगतात. तिथल्या लोकांनी यावर जुनाच तोडगा काढलेला आहे: घरातली एखादी खोली मेळ्यापुरती भाड्याने द्यायची. आम्हीही एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे उतरलो होतो. न्याहारी मिळते, मात्र रात्री दहानंतर आंघोळ करायची नाही. हिल्डेसहाइमला राहूनही लोकल गाडीने रोज ये-जा जमते, कारण प्रदर्शनाच्या दाराशीच मेस्से-लाट्सेन नावाचं स्टेशन आहे. शहरातून यायचं तर आठ नंबरची ट्राम उत्तर दाराशी सोडते, सहा नंबरची पूर्व दाराशी. कोणत्या हॉलमध्ये काम आहे ते बघून ट्राम निवडा. चुकीच्या दाराने आत शिरलात तर अर्धी सकाळ चालण्यात जाते.

२०२५ चा मेळा ३१ मार्च ते ४ एप्रिल असा होता. आदला दिवस रविवार, आणि त्याच दिवशी गुढीपाडवा. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात, त्यामुळे भारताशी असलेलं साडेचार तासांचं अंतर साडेतीनवर येतं. सोमवारी सकाळच्या भेटी ठरवल्या असतील तर हे लक्षात असू द्या. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात. पाणी, फळं, सिमकार्ड जे काही हवं असेल ते मुख्य स्टेशनातल्या दुकानांतून घ्यायचं. आमचा पाडवा तिथल्याच बेकरीतल्या दालचिनीच्या पावावर झाला. तारखा दरवर्षी सरकतात. २०२६ च्या मेळ्यासाठी २० ते २४ एप्रिल ठरल्या.

आमचं भोसरीला छोटं शॉप आहे. पंपांचे आणि गिअरबॉक्सचे शाफ्ट, टर्निंग आणि ग्राइंडिंग. बरोबर क्वालिटी बघणारा पुतण्या होता. एका शिष्टमंडळाबरोबर गेलो, पण शिष्टमंडळाचा कार्यक्रम संपल्यावर मागे राहिलो. खरं काम तेव्हाच झालं.

मेळ्याचा जन्म मोठा मजेशीर आहे. १९४७ साली, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीत, ब्रिटिशांच्या ताब्यातल्या भागात पहिलं निर्यात प्रदर्शन भरलं. येणाऱ्यांना रेशनकार्डाशिवाय मासे घातलेले पाव मिळत, म्हणून लोक त्याला माशाच्या पावांचा मेळा म्हणायचे. ज्या देशाकडे खायला नव्हतं त्याने आधी गिऱ्हाईक बोलावलं. भारत इथे भागीदार देश म्हणून तीनदा आला: १९८४, २००६ आणि २०१५. शेवटच्या वेळी मोदी आणि मर्केल यांनी मिळून उद्घाटन केलं आणि ‘मेक इन इंडिया’चा सिंह गावभर होता. २०२५ ला मान कॅनडाचा होता.

पहिल्या वर्षी स्टॉल घ्यावा का? माझं मत, घेऊ नये. स्टॉल घेतला की माणूस त्या चौकोनात अडकतो आणि दिवसभर कार्ड गोळा करतो. ती कार्डं बहुतेक आपल्यासारख्याच पुरवठादारांची असतात. नुसतं पाहुणा म्हणून फिरावं, ज्यांना आपला माल लागू शकेल त्यांच्या स्टॉलवर जाऊन त्यांचं मशीन समजून घ्यावं. स्टॉल घ्यायचाच असेल तर ईईपीसीच्या (अभियांत्रिकी माल निर्यात करणाऱ्यांची परिषद) भारतीय दालनात घ्या. स्वतंत्र जागेपेक्षा सोपं पडतं. लघुउद्योगांना भाड्यात आणि प्रवासखर्चात मदत करणाऱ्या केंद्राच्या योजना आहेत, पण त्यांच्या अटी बदलत राहतात आणि मंजुरी जाण्याआधी लागते. परत येऊन बिलं जोडू म्हणालात तर हातात काही पडत नाही.

नमुन्यांबद्दल एक. लहान सुटे भाग चेक-इन बॅगेत, बरोबर किंमत लिहिलेलं प्रोफॉर्मा इनव्हॉइस ठेवून न्यावेत. केबिन बॅगेत टोकदार शाफ्ट नेलात तर सुरक्षा तपासणीलाच तो सोडून यावा लागेल. एखादं अख्खं उपकरण नेऊन परत आणायचं असेल तर एटीए कार्ने काढा, म्हणजे तात्पुरता माल जकात न भरता नेण्या-आणण्याचा कागद. भारतात तो फिक्की ही उद्योगांची संघटना देते. व्हिसाचं म्हणाल तर मुंबईच्या जर्मन वकिलातीसाठी अर्ज व्हीएफएस केंद्रात द्यायचा, फी ९० युरो, प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा. ज्या कंपन्यांना भेटायचं आहे त्यांच्यापैकी एकीचं लेटरहेडवरचं निमंत्रण असेल तर अर्ज भक्कम होतो.

आता शिष्टमंडळांबद्दल. सामंजस्य करार होतो, दोन झेंडे, फोटो, पुष्पगुच्छ. मी याला नावं ठेवणार नाही, कारण दार त्यानेच उघडतं. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांची भागीदारी २०१५ ची. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ तिकडे पाठवण्याचा करारही झाला, सुरुवातीला १०,००० जणांचा. या ओळखीमुळे स्टुटगार्टला ‘महाराष्ट्रातून आलो’ म्हटल्यावर नकाशा काढावा लागत नाही. पण करारावर सही करणाऱ्याला तुमच्या शाफ्टचं कोटेशन मागायचं नसतं. कोटेशन मागणारा माणूस तीस-चाळीस किलोमीटरवरच्या एखाद्या गावात बसलेला असतो आणि त्याला त्या कराराची कल्पनाही नसते.

म्हणून हॅनोवरहून रेल्वेने स्टुटगार्ट गाठलं. साधारण चार तासांचा प्रवास, पण गाडी बदलायची असेल तर मध्ये तासभर मोकळा ठेवा. २०२४ मध्ये जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर धावल्या, आणि सहा मिनिटांपर्यंतचा उशीर त्यात वेळेवर धरतात. गाडी तासभर उशिरा पोचली तर भाड्याचा चौथा हिस्सा परत मिळतो, दोन तास झाले तर निम्मा. त्यासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो.

स्टुटगार्टच्या आजूबाजूची गावं बघण्यासारखी आहेत, पर्यटक म्हणून नव्हे, कारखानदार म्हणून. डिट्झिंगेनला ट्रुम्फ, एस्लिंगेनला फेस्टो, विनेन्डेनला केर्शर, वायब्लिंगेनला श्टील. चाकण-भोसरीच्या शॉपमध्ये रोज दिसणारी नावं, आणि पत्ते असे छोट्या गावांचे, द्राक्षांच्या मळ्यांच्या शेजारचे. स्टुटगार्टच्या लोकलने यातल्या बहुतेक गावांना जाता येतं. अशा बड्या नावांच्या मागे त्यांना पुरवठा करणारे शेकडो घरचे कारखाने आहेत. आपली जोडी जमली तर यांच्याशी जमते.

आम्ही लुडविग्सबुर्गजवळच्या अशाच एका कारखान्यात गेलो. भेट दीड महिना आधी मेलवर ठरवली होती आणि कोण येणार, काय आणणार, किती वेळ लागणार हे लिहून कळवलं होतं. मालक तिसऱ्या पिढीचे, वर्कशॉपच्या कपड्यांतच बाहेर आले. मी माहितीपत्रक पुढे केलं, त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि शाफ्ट मागितला. बेअरिंगच्या जागेवरून नख फिरवलं, मग प्रकाशाकडे धरून बघितला. पहिला प्रश्न किमतीचा नव्हता. हा शाफ्ट कोणत्या मशीनवर झाला, शंभर नगांत मोजमाप किती हलतं, बिघडलेला नग तुम्हाला कुठे कळतो? पुतण्याकडे सीपीकेचे (मोजमाप किती स्थिर राहतं ते सांगणारे) आकडे तयार होते म्हणून बोलणं पुढे सरकलं. ‘होऊन जाईल’ हे वाक्य तिथे चालत नाही. होणार असेल तर तारीख सांगायची, नसेल तर नाही म्हणायचं. स्पष्ट ‘नाही’चा त्यांना राग येत नाही, उलट त्यानंतर ते खुर्ची जरा पुढे ओढतात. दोषही तोंडावर सांगतात, त्यात अपमान मानू नये. आमच्या पॅकिंगबद्दल जे ऐकून घेतलं ते फुकटात मिळालेलं सल्लागाराचं काम होतं.

बरोबर बाराला सगळे जेवायला उठले. येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘माल्ट्साइट’ म्हणतो, आपणही म्हणावं. कँटीनमध्ये मसुराची आमटी आणि श्पेट्सले (जाड शेवयांसारखा तिकडचा पदार्थ) होतं, वर सॉसेज. शाकाहारी असाल तर सॉसेज नको एवढं सांगायचं, शिवाय आमटीत मांस घातलंय का तेही विचारायचं. चीज घातलेलं श्पेट्सले तर कुठेही मिळतं.

त्या मालकांच्या ऑफिसात भारताशी केलेल्या एका जुन्या कराराचा फोटो होता. त्यावरून मला आपल्याकडचे जुने करार आठवले. १९५४ मध्ये टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) डाइमलर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. १९६९ पर्यंत त्यांवर बेन्झचा तारा होता. १९५८ मध्ये नवलमल फिरोदियांनी हॅम्बुर्गच्या फिडाल कंपनीशी हातमिळवणी करून बजाज टेम्पो काढली आणि हान्सिआट तीनचाकी आणली. पुढे आकुर्डीत कारखाना आला आणि पिंपरी-चिंचवडचे कितीतरी टर्नर-फिटर त्यातून घडले. या सगळ्यात ड्रॉइंग तिकडचं आणि हात इकडचे. त्या काळात तेच योग्य होतं. पण आज भोसरीच्या शॉपने फक्त स्वस्त हात म्हणून जर्मनीत जाऊ नये. स्वस्त हात त्यांना पोलंड आणि रोमानियात मिळतात, तेही ट्रकने एका-दोन दिवसांत माल पोचेल इतक्या जवळ. आपल्याकडे त्यांच्या उपयोगाचा एखादा प्रश्न किंवा एखादं उत्तर हवं.

आमच्याकडे प्रश्न होता. ग्राइंडिंग करताना कडक केलेला पृष्ठभाग जास्त तापला तर आतून जळतो आणि डोळ्यांना दिसत नाही. तपासायचं तर नायटल या आम्लाच्या द्रावणात बुडवून बघायचं. ही आम्लाची कटकट, शिवाय प्रत्येक नग बुडवणं शक्य नाही. बार्कहाउसेन या चुंबकीय पद्धतीने पृष्ठभाग न बिघडवता तपासता येतं, पण उपकरण महाग आणि आमच्या शाफ्टच्या खांद्यांपाशी त्याचा प्रोब पोचत नाही. हा प्रश्न घेऊन स्टुटगार्टच्या फाइहिंगेन भागातल्या फ्राउनहोफर आयपीए या संशोधन संस्थेत गेलो. फ्राउनहोफरच्या संस्थांना आपल्या संशोधनाच्या पैशांपैकी सुमारे ७० टक्के हिस्सा उद्योगांची कामं आणि सरकारी प्रकल्पांतून मिळवावा लागतो, त्यामुळे तिथले इंजिनियर उद्योगाची भाषा बोलतात. पहिला तास गप्पांचा, त्यानंतरच्या वेळेचं बिल. आमच्यासारख्याला ते झेपणारं नाही, हे त्यांनीच सांगितलं आणि मार्गही दाखवला.

तो मार्ग म्हणजे इंडो-जर्मन सायन्स अँड टेक्नॉलॉजी सेंटर, दोन्ही सरकारांच्या पैशावर चालणारी, २०१० मध्ये सुरू झालेली गुरुग्रामची संस्था. तिच्या ‘२+२’ प्रकल्पात चार जण लागतात: भारतातली एक संशोधन संस्था आणि एक कंपनी, जर्मनीतली एक संशोधन संस्था आणि एक कंपनी. चौघांपैकी एक जरी कच्चा असेल तर प्रस्ताव टिकत नाही. म्हणून माझा सल्ला असा की विमानात बसण्याआधी आपल्या बाजूची जोडी जमवून घ्या. पुण्यात सीओईपी हे अभियांत्रिकी विद्यापीठ आहे, एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, मुंबईत आयआयटी. तिथल्या एखाद्या प्राध्यापकाला तुमच्या शॉपमधला प्रश्न रंजक वाटला तर जर्मनीत तुमचं वजन दुप्पट होतं. शिवाय पेटंट कोणाचं, ड्रॉइंग कोण वापरणार हे पहिल्याच बैठकीत विचारा. तिकडे ते असभ्य समजत नाहीत, न विचारणारा मात्र नवखा ठरतो.

स्टुटगार्टमध्ये मराठी इंजिनियर भरपूर आहेत. आठवडाभर कामं असल्यामुळे त्यांचा पाडवा पुढच्या शनिवारी होता. श्रीखंड घरी टांगलेल्या दह्याचं. माहिती खूप मिळाली, घरभाड्यापासून वाहन उद्योगातल्या मंदीपर्यंत. पण त्यांच्याकडे ‘तुमच्या पर्चेसवाल्याशी ओळख करून द्या’ असा लकडा लावू नका. मोठ्या कंपन्यांत त्याचे नियम कडक असतात आणि आपल्या माणसाची नोकरी अडचणीत येते.

कार्ल्सरुहेला उभ्या उभ्या जाऊन आलो. पुण्याशी संबंध जपणारं शहर आहे, सॉफ्टवेअरवाल्यांना जास्त उपयोगाचं. लोखंडवाल्यांनी वेळ कमी असेल तर सोडलं तरी चालेल.

कागदांची तयारी इथूनच करून जा. वाहन उद्योगाचा माल असेल तर आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र लागतंच, त्यावर व्हीडीए ६.३ या जर्मन वाहन उद्योगाच्या नियमावलीप्रमाणे प्रोसेस ऑडिट होतं. किमान एक हजार कामगारांच्या जर्मन कंपन्यांना पुरवठा साखळीचा कायदा लागू आहे, आणि त्यांची प्रश्नावली शेवटी आपल्या टेबलावर येते. ठेकेदारामार्फत घेतलेल्या कामगारांचा पीएफ भरला जातो का, ओव्हरटाइम कसा देता, असे प्रश्न असतात. खरी उत्तरं द्या, पुढे तपासायला माणूस येतो. लोखंड-पोलादाच्या वस्तूंवर युरोपचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला. सगळंच त्यात येत नाही, टॅरिफ कोडवर ठरतं. ७३१८ मधले नटबोल्ट आत येतात. आयातदाराचा असा एकूण माल वर्षाला ५० टनांपर्यंत असेल तर त्याला सूट आहे, तेव्हा आपल्या गिऱ्हाइकाला त्याचा आकडा विचारून घ्या आणि वीज-डिझेलच्या खर्चाची नोंद नगावार ठेवायला लागा.

परत आल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येकाला मेल गेली पाहिजे, तीही ‘छान वाटलं’ एवढीच नको. मागितलेली माहिती किंवा ती कधी देणार याची तारीख हवी. सॅम्पल मंजूर होऊन पहिला लॉट निघायला वर्ष जाऊ शकतं. ते दर मागतात माल त्यांच्या दारात पोचवून, आणि पैसे साठ दिवसांनी, कोणत्याही हमीशिवाय. एलसी, म्हणजे बँकेचं हमीपत्र, मागितली तर हसतात. वाद घालण्यापेक्षा मुंबईच्या ईसीजीसीकडे (निर्यातीचे पैसे बुडण्याचा विमा देणारी सरकारी कंपनी) त्या खरेदीदाराचा विमा उतरवा आणि त्याचा हप्ता कोटेशन देतानाच दरात धरा, नंतर वाढवून मिळत नाही.