सेन्सर लॉगर, टप्पा चौथा: फाइल वाचली, पण आकडे रुसले

लॉगर, म्हणजे सेन्सरच्या नोंदी फाइलीत लिहिणारं माझं उपकरण: मिनिटाला एक ओळ, दिवसाला १४४० ओळी. प्रत्येकीत वेळ, तापमान आणि हवेचा दाब, मध्ये टॅब. हे पायथन या प्रोग्रामिंग भाषेने वाचून आलेख काढायला एक संध्याकाळ पुरेल असं वाटलं होतं. आठवडा गेला.

पहिल्या दिवशी पहिल्याच ओळीला व्हॅल्यूएरर, म्हणजे 'या मजकुराचा आकडा होत नाही' अशी पायथनची तक्रार. एडिटरमध्ये ओळ अगदी स्वच्छ दिसत होती, म्हणून तासभर कोडलाच दोष देत बसलो. मग एररचा मजकूर नीट वाचला, तर आकड्याच्या आधी 'यू-एफईएफएफ' चिकटलेलं. बीओएम, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीची न दिसणारी खूण! फाइल मीच एकदा दुसऱ्या एडिटरमध्ये उघडून सेव्ह केली होती, त्याने सुरुवातीला तीन अदृश्य बाइट घातले. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) 'यूटीएफ-८-सिग' दिलं, ही खूण गाळून वाचते, आणि विषय संपला. तेव्हापासून ओळ तपासायची तर साधं प्रिंट नाही, रेप्र हे पायथनचं फंक्शन लावूनच छापतो. टॅब, न्यूलाइन, लपलेली अक्षरं सगळी उघडी पडतात.

शेवटची रिकामी ओळ स्ट्रिप करून (कडेच्या मोकळ्या जागा छाटून) गाळली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरा घोळ दाबाच्या आकड्यांत होता. काही दिवसांचा आलेख सुरेख, काही दिवसांचा थेट जमिनीवर: ९९७, ९९९, म्हणजे १०००च्या आसपास, आणि एकदम १.००२! सेन्सर गेला म्हणून वायरी काढून पुन्हा लावल्या, तरी तेच. शेवटी फाइलमधली तीच ओळ शोधली. तिथे लिहिलं होतं '१,००२'. नव्या मॉड्यूलचं नमुना कोड हजाराचा स्वल्पविराम घालून दाब लिहितं. माझ्या जुन्या उपकरणात स्वल्पविराम म्हणजे दशांशचिन्ह होतं, '२४,६' असं. त्यासाठी मी कधीतरी 'स्वल्पविरामाच्या जागी टिंब' अशी ओळ टाकून ठेवली होती आणि विसरलो होतो. दाब हजाराच्या खाली असेल तेव्हा स्वल्पविराम येतच नाही, म्हणून ते दिवस बिनबोभाट जात. ती रिप्लेसची ओळ नसती तर पायथनने तिथल्या तिथे एरर दिला असता. आता लिहिणाऱ्या बाजूचाच स्वल्पविराम काढलाय, आणि जुन्या फाइलींसाठी वेगळं फंक्शन केलंय.

मधे एक मूर्खपणाही केला. कटकट नको म्हणून सगळं ट्राय-एक्सेप्टमध्ये (एरर आला तरी प्रोग्राम थांबू न देणारी रचना) घालून चुकलेल्या ओळी मुकाट्याने सोडल्या. १४४० पैकी १३९१ आकडे आले. उरलेल्या ४९ ओळी कुठल्या, कळायला मार्ग नाही! आता चुकलेली प्रत्येक ओळ तिच्या क्रमांकासह वेगळ्या फाइलीत जाते. बहुतेकांत तापमानाच्या जागी '--' होतं, म्हणजे वायर सैल.

त्याच सैल वायरीने काही ओळींत 'नॅन' ('आकडा नाही' याची खूण) लिहिलं होतं, आणि हा शब्द फ्लोट, म्हणजे मजकुराचा आकडा करणारं पायथनचं फंक्शन, आनंदाने गिळतो. एकच नॅन दिवसाच्या सरासरीला पुरतो, तीही नॅन. त्यावर वेगळी तपासणी बसवली.

गंमत म्हणून देवनागरीत '२४.६' देऊन पाहिलं, फ्लोटने बिनतक्रार घेतलं! माझ्या प्रोग्रामच्या सी++ भाषेतल्या जुन्या आवृत्तीत हे चाललं नसतं. ती आवृत्ती तशीही १४४१ आकडे मोजायची, कारण लूप ईओएफवर (फाइल संपल्याची खूण) चालायचा, ती खूण वाचन फसल्यावरच कळायची, आणि शेवटचा आकडा दोनदा धरला जायचा. वाचन यशस्वी झालं का हीच लूपची अट केली, तेव्हा १४४० आले.

बाकी राहिलंय ते वीज गेल्यावर अर्धवट लिहिलेल्या ओळीचं. '९९८' लिहिताना शेवटचा आकडा राहून '९९' उरला, तर एरर येत नाही आणि स्तंभही तीनच भरतात. सध्या ८५० ते ११०० हेक्टोपास्कलबाहेरचं काही दिसलं की ती ओळ बाजूला काढतोय. तापमानाचं असं कुंपण कुठे घालायचं, ते अजून ठरत नाहीये.