रगडा आणि सुरकुतलेला वाटाणा

पुरंदरचा मटार मार्केट यार्डात उतरला की शुगरवाले धाकटे दीर फोन करतात. "वहिनी, मटार चालतो का हो?" मी वनस्पतिशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही, पण आमच्या घरात तो फरक कुणी मानत नाही.

गच्चीतल्या कुंड्यांसाठी अर्केल या मटारच्या जातीचं बियाणं आणलंय. औषध चोळल्याने गुलाबी झालेलं, प्रत्येक दाणा सुरकुतलेला. स्वयंपाकघरातला पांढरा वाटाणा मात्र गोल, गुळगुळीत. मेंडेलने १८६६ साली छापलेल्या आनुवंशिकतेवरच्या निबंधातली हीच ती जोडी.

सुरकुतीचं कारण १९९० मध्ये इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेत सापडलं. स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या एन्झाइमच्या जनुकात डीएनएच्या साधारण ८०० अक्षरांचा उपरा तुकडा घुसलाय, त्यामुळे ते जनुक निकामी. स्टार्च कमी बनतो, साखर दाण्यातच साचते, साखरेमुळे कोवळा दाणा जास्त पाणी ओढून टम्म फुगतो आणि वाळला की साल सैल पडते. आपला मटार गोड लागतो तो या बिघाडामुळेच.

आणि जो स्टार्च उरतो त्यात अमायलोज, म्हणजे जवळपास बिनफांद्यांचा स्टार्च, बराच जास्त, म्हणून तो सावकाश पचतो. २०२० मध्ये इम्पीरियल कॉलेज, जॉन इन्स वगैरेंच्या अभ्यासात असे वाटाणे खाल्ल्यावर रक्तातली साखर साध्या वाटाण्यांच्या मानाने कमी चढली. दिरांना हे सांगितलं. त्यांनी त्यातून मटार करंज्यांना परवानगी काढली!

पण फुकट काही मिळत नाही. त्याच बिघाडाने लेग्युमिन हे प्रथिन घटतं, आणि वाटाण्यात आधीच तुटपुंजी असलेली गंधकयुक्त अमिनो आम्लं त्यात बऱ्यापैकी असतात. कॅनडात सस्कॅचेवानला फायटेट, म्हणजे लोहाला बांधून ठेवणारा पदार्थ, कमी असलेले वाटाणे तयार केलेत, म्हणजे लोह अंगी लागावं. पण फायटेट हा रोपाचा फॉस्फरसचा साठा, त्याला हात लावला की उत्पन्नावर परिणाम होऊ शकतो. ट्रिप्सिन या प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमला रोखणारी प्रथिनं काढून टाकायचं कामही चालू आहे. ते जनावरांच्या खाद्यासाठी मोलाचं, आपल्याकडे त्यातलं बरंचसं काम कुकरच्या शिट्ट्याच उरकतात.

मला विचाराल तर वाळवलेल्या सुरकुत्या वाटाण्याचं पीठ भाकरीत, थालीपिठात मिसळायला हवं. रगड्याला मात्र तो वाटाणा नको. अमायलोजवाला स्टार्च नुसत्या उकळीला नीट फुलत नाही, रगडा दाटच होणार नाही. पॅटीसवर पाणी ओतल्यासारखं ते खाणार कोण?