भाताचे बी, मीठपाणी आणि त्यापुढचे काम

रोहिणी नक्षत्र जवळ आले की कोकणात तरव्यासाठी, म्हणजे लावणीची रोपे तयार करण्यासाठी, भाताचे बी बाहेर निघते. आमच्या रत्नागिरीकडे अनेक घरांत ते गेल्या हंगामातले, घरीच राखलेले असते. करपा आणि तपकिरी ठिपके या दोन्ही रोगांची बुरशी दाण्यासोबत पुढच्या हंगामात जाऊ शकते, त्यामुळे अशा बियाण्यावर प्रक्रिया केल्याशिवाय पेरणी करू नये, असे मला मनापासून वाटते.

पहिले काम मीठपाण्याचे. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवून त्यात बी थोडे थोडे सोडावे, ढवळावे आणि पाणी स्थिर होऊ द्यावे. वर तरंगणारे पोचट व रोगट दाणे काढून टाकावेत. तळाशी बसलेल्या जड दाण्यांत अन्नसाठा अधिक असल्याने त्यांची रोपे जोमदार आणि एकसारखी येतात. हे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवावे. इथे हयगय झाली आणि मिठाचा अंश राहिला, तर उगवणीलाच बाधा येते. मग ते सावलीत वाळवावे.

पुष्कळ शेतकरी इथेच थांबतात, आणि मला काळजी वाटते ती याचीच. मीठपाण्याने हलके बी वेगळे होते, बुरशी मरत नाही. वजनदार, टपोऱ्या दाण्याच्या सालीवरही ती असू शकते. म्हणून वाळलेल्या बियाण्याला किलोमागे 3 ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक सर्व दाण्यांना सारखे लागेल असे चोळावे. हातमोजे घालावेत, नाकातोंडावर फडके बांधावे. नाचणीच्या बियाण्यालाही थायरम लावावे, कारण करपा तिच्यावरही येतो.

अझोटोबॅक्टर (हवेतले नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू) किंवा स्फुरद विरघळवणारे जिवाणू वापरायचे असल्यास 10 किलो बियाण्यास या जिवाणूंचे 250 ग्रॅम संवर्धक अगदी शेवटी, पेरणीच्या थोडे आधी लावून बी सावलीतच सुकवावे. उन्हात ठेवल्यास जिवाणू मरतात.

पेरून उरलेले औषध लावलेले बी मात्र पुन्हा कणगीत टाकू नये, कांडायला नेऊ नये आणि कोंबड्यांपुढेही टाकू नये. ते विहीर, वहाळ आणि गोठ्यापासून दूर खड्डा खणून पुरावे.