कोल्हापूर भागात जुनी डिझेल इंजिनं बघायला जायचं असेल तर

पहिल्यांदा कामाचं सांगतो. जुनी इंजिनं बघायची म्हणून थेट शेतात शिरू नका, आधी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात (छोट्या वर्कशॉपची वसाहत) जा. शेताशेतातून फिरत "मामा इथं इंजिन आहे का हो" विचारत बसलात तर अख्खा दिवस जाईल आणि दहातल्या नऊ ठिकाणी विजेची मोटरच दिसेल. लेथवाल्याकडे (कातकाम करणाऱ्याकडे) जाऊन नुसतं विचारा की रिपेरीला कुणाची इंजिनं येतात. त्याला सगळं पाठ असतं, कुठल्या गावच्या कुठल्या मळ्यात काय चालू आहे आणि कुणी शेवटचा लायनर (सिलिंडरच्या आतली बदलता येणारी नळी) कधी बदलला, सगळं.

आम्ही दोघं मित्र पुण्याहून गेलो, दोघंही मेकॅनिकलचे, त्यामुळे वेड एकच. जाताना कोयना एक्स्प्रेस पकडली कारण त्याच लाईनवर आपल्याकडच्या इंजिनांचा अर्धा इतिहास आहे. सातारा रोड स्टेशनजवळ धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला, आधी नांगर वगैरे आणि मग तिसाच्या दशकात डिझेल इंजिनं. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पहिले प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्रीच) होते, हे मला खूप उशिरा कळलं. पुढे किर्लोस्करवाडी, १९१० ची, औंध संस्थानच्या माळावर उभी राहिलेली. पण इंजिनांचा किर्लोस्करांचा कारखाना तिथे नाही, तो १९४६ ला पुण्यात खडकीला निघाला. वाडीत पंप. या दोन्ही ठिकाणी मुद्दाम उतरायचं असेल तर आधी पत्र-ईमेल करून परवानगी काढा, चालू कारखाने आहेत, गेटवरून आत कोण सोडणार. आम्ही खिडकीतूनच बघितलं आणि पुढे गेलो, त्यात विशेष काही नाही.

उद्यमनगर मात्र चुकवू नका. स्टँडवरून रिक्षाने दहा मिनिटं. सोमवार टाळा, सुट्टी असते. गल्लीबोळातून लेथ, ड्रिल, ग्राइंडर, दारात पडलेले क्रँकशाफ्ट, ओतकामाचे पॅटर्न, आणि प्रत्येक दुकानात कुणीतरी चहा पीत उभा. कोल्हापूरची फाउंड्री इंडस्ट्री आज गाड्यांचे पार्ट ओतते पण तिचा पाया शेतीच्या ऑइल इंजिनांनी घातलाय. जुनी माणसं बोलायला लागली की म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार ही इथल्या सुरुवातीच्या उद्योजकांची दोन नावं येतातच. माझं तर मत असं झालंय की ही इंजिनं टिकली ती फक्त मजबूत म्हणून नाही, एसटीच्या एका तिकिटावर त्यांचा डॉक्टर भेटतो म्हणून टिकली. रिंगा घासल्या, नवीन टाकल्या. लायनर गेला, बदलला. पार्ट मिळत नसेल तर बनवून देतात. तेवढंच मजबूत इंजिन जवळपास लेथ नसलेल्या गावात असतं तर कधीच भंगारात गेलं असतं.

तिथेच एका शेडमध्ये लिस्टर टाइपचं सिंगल सिलिंडर बघायला मिळालं, दोन बाजूंना दोन मोठी फ्लायव्हील (जड चाकं). मूळ डिझाइन इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीचं, तिकडे त्याचं उत्पादन १९८७ ला बंद झालं, पण राजकोटवाल्यांनी त्याच्या नकला काढून आफ्रिकेपर्यंत पाठवल्या. हेही राजकोटचंच. ६ एचपी, ६५० आरपीएम, सिलिंडर साधारण १४०० सीसीचा. याच्यासमोर आपलं कॉलेजच्या लॅबमधलं किर्लोस्कर एव्ही-१ ठेवून बघा (दोरी-ब्रेक लावून ज्याच्यावर सगळ्यांनी रीडिंग घेतलीत, काहींनी शेजाऱ्याची उतरवलीत), ते ५ एचपी, १५०० आरपीएम, ५५३ सीसी. म्हणजे लिस्टरचा सिलिंडर अडीचपट मोठा आणि पॉवर फक्त एका घोड्याने जास्त! पण त्यातच गंमत आहे, फिरतंच एवढं सावकाश की झिजायला काही घाई नाही. शेडमधल्या मिस्त्रींनी चालू करून दाखवलं. सेकंदाला पाच ठोके, एकेक मोजता येतो. एव्ही-१ ची सलग घरघर होते, ठोके वेगळे ऐकूच येत नाहीत.

त्याच मिस्त्रींनी मग प्रयाग चिखली-वडणगे भागातलं एक गुऱ्हाळ सांगितलं. स्वतःची बाइक किंवा गाडी असेल तर बरं, गुऱ्हाळं मेन रोडवर नसतात, मळ्यात असतात. धूर आणि वास बघत जायचं.

गेल्या गेल्या मालक म्हणाले, "काय पाव्हणं, इंजान बघाय आलायसा? लोकं गूळ खायाला येत्यात!" तिथं रोजचं काम मोटरवरच चालतं, हे आधीच सांगतो, उगाच वेगळी अपेक्षा ठेवून जाऊ नका. इंजिन लाईट गेल्यावर. पण ते नुसतं शोभेचं नाही. ऊस एकदा तोडला की साखर उतरायला लागते, त्यामुळे गाळप लांबवता येत नाही, आणि इकडे चुलवाण पेटलेलं, काहिलीत रस उकळतोय, पुढच्या काहिलीचा रस तयार पाहिजे. अशात दोन तास लाईट गेली तर माणसं बसून, जाळ वाया, आणि गुळाचा रंग बिघडला की सौद्यात भाव पडला. म्हणून दोन सिलिंडरचं बारा एचपीचं जुनं धूड तेल-पाणी करून कायम तयार. नावाची पट्टी रंगाखाली गेलेली, त्यामुळे मेक विचारू नका, मालकांनाही आठवेना.

दुपारी लाईट गेलीच. मग जे बघितलं त्यासाठी एवढ्या लांब आल्याचं सार्थक झालं. मोटरचा पट्टा उतरवून इंजिनाचा चढवला, एकाने डिकंप्रेशनचे लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारे, म्हणजे हाताने फिरवता येतं) उचलून धरले, दुसऱ्याने हँडल मारायला घेतलं, आधी जड मग हळूहळू फ्लायव्हीलला वेग आला, एक लिव्हर सोडला, धप्प, मग दुसरा, आणि पांढऱ्या धुराचा एक लोट काढून इंजिन लागलं. ना बॅटरी ना सेल्फ. चरकात उसाची मोळी सरकवली की आवाज एकदम खोल होतो, गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) डिझेल वाढवतो आणि धूर काळसर होतो, मोळी संपली की परत निवळतो. धुरावरूनच लोड कळतो. सतत काळा येत असेल तर नोझल (डिझेल फवारणारी तोटी) खराब किंवा लोड जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि गरम झाल्यावरही पांढराच राहिला तर नोझल नीट फवारत नाही किंवा हेड गॅस्केटमधून पाणी आत येतंय. हे सगळं गुळव्याने (गूळ बनवणाऱ्याने) सांगितलं, ज्याचा इंजिनाशी तसा काही संबंध नाही, तो काहिलीवर भेंडीचा चिकट रस टाकून मळी काढत होता!

दुसऱ्या दिवशी नदीकाठ. पंचगंगेवर आणि भोगावतीवर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे पाणी अडवलेलं असतं आणि काठाने मोटरी. इंजिनं इथेही कमीच, पण जी आहेत ती ५ एचपीची, बहुतेक लोखंडी गाड्यावर बसवलेली. कारण विचारलं तर २०१९ आणि २०२१ चा पूर. पाणी चढायला लागलं की गाडा ओढून वर न्यायचा. मोटर बुडाली तर वाइंडिंग करून आणायला लागतं, इंजिन बुडालं तर खोलून पाणी काढा, ऑइल बदला, डिझेलची लाईन साफ करा, लागतं परत. आणि शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री, त्यामुळे रोप लावल्यावर पहिलं पाणी वेळेवर द्यायचं तर काहीजण अजून इंजिनच काढतात. महाग पडतं अर्थात, ५ एचपीला पूर्ण लोडवर तासाला लिटर-सव्वा लिटर डिझेल. रोज कोण चालवेल?

एका ठिकाणी पंपाचंच थंडगार पाणी जोरात जॅकेटमधून (सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून) फिरवलेलं होतं, मालक खूश की "बघा, हात लावा, गार हाय." आमच्याबरोबर आलेल्या मिस्त्रींनी गुपचूप कॉक बारीक केला. इंजिन गार राहिलं की चांगलं असं खूपजणांना वाटतं पण तसं नाही, सिलिंडर थंड राहिला तर डिझेल नीट जळत नाही, त्यातल्या गंधकाचं आम्ल भिंतींवर धरतं आणि लायनर लवकर खातं. बाहेर पडणारं पाणी चटका बसेल इतपत गरम पाहिजे, साठ-सत्तर डिग्री. शेजारी पाण्याचा ड्रम जोडलेल्या इंजिनात हे आपोआप जमतं, गरम पाणी वर चढतं, थंड खालून येतं, पंप नको काही नको.

जाणाऱ्यांनी कपडे अंगाबरोबर घाला. फ्लायव्हीलची चावी (त्याला शाफ्टवर घट्ट धरणारी लोखंडी पाचर) शाफ्टच्या बाहेर आलेली असते, फिरताना दिसत नाही, आणि शर्टाचं टोक, ओढणी, गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा काहीही पकडते. मुलांना पट्ट्याच्या रेषेत उभं करू नका, पट्टा तुटला तर त्याच रेषेत उडतो. मालक प्रेमाने हँडल मारायला देतात, तेव्हा अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीभोवती गुंडाळू नका, उलटा झटका आला तर मोडतो. आणि व्हिडिओ काढायच्या आधी विचारा, कुणी नाही म्हणत नाही पण कामगारांच्या तोंडासमोर मोबाइल धरलेला त्यांनाही आवडत नाही.

सीझन दिवाळीपासून साधारण मार्चपर्यंत. दिवाळीच्या पाडव्याला शाहू मार्केट यार्डात गुळाचा मुहूर्ताचा सौदा निघतो, त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी गेलात तर सगळं जोरात असतं. पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद, इंजिनं ताडपत्रीखाली. इंजिन चालू बघायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून त्या भागात लाईट कधी जाणार ते विचारून ठेवा, उगाच चालवून दाखवा म्हणू नका, आणि म्हणायचंच असेल तर डिझेलचे पैसे द्या. ते घेणार नाहीत, मग दोन-चार किलो गूळ तरी विकत घ्या. काकवीसाठी स्टीलची बरणी घरून न्या, प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम काकवी ओतली की बाटली वाकडी होते.

कुणाला असलं इंजिन विकतच घ्यायचं असेल तर मिस्त्रींना बरोबर घेतल्याशिवाय जाऊ नका. डिकंप्रेशन उचलून हाताने फिरवा, कुठे अडकतं का बघा, फ्लायव्हील डुगडुगतं का बघा, ऑइल काढून त्यात पाणी किंवा चकाकणारा धातूचा कीस आहे का बघा, आणि मगच चालू करायला सांगा, तेही थंड असताना. गरम इंजिन सहज लागतं आणि दोष लपतो, त्यामुळे आपण पोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर चहा पिऊन परत या.