घाटातल्या वळणावर

मी वनरक्षक आहे, बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात माझं बीट, म्हणजे मी राखायचा जंगलाचा भाग. जानेवारी 2025 मधली गोष्ट. पहाटे पाचला पोलीस पाटलांचा फोन, साहेब लवकर या, घाटात कायतरी दिसलंय आन पोरं कुऱ्हाडी घेऊन निघालीत. कुऱ्हाडी म्हणल्यावर तोंड पण न धुता गाडीला किक मारली.

पारावर दूधवाले मामा बसलेले. गुडघा फुटलेला, दुधाचे दोन्ही कॅन रस्त्यावर सांडलेले, हातातला चहा नुसता डचमळत होता. लाईटमध्ये दिसलं म्हणे, पुढून उंच, मागून बसकं, पाठीवर केस ताठ उभे, अंगावर पट्टे, डोळे पेटलेले, आणि पळायचं सोडून वळून बघितलं. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ येडशीच्या अभयारण्यात आल्याचं तेव्हा लई गाजत होतं म्हणून कुणी वाघ म्हणलं, म्हातारी माणसं चकवा म्हणली.

मी मामांना मधे न तोडता दोनदा सगळं सांगायला लावलं. माणूस खरं बोलत होता. ते तरसच होतं. पुढचे पाय लांब, मागचे आखूड, म्हणून पाठ उतरती, आणि भ्यालं की आयाळ उभी करतं, मग आहे त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं दिसतं. आयुष्यात पहिल्यांदा अंधारात असं दिसल्यावर भूत नाहीतर काय वाटणार?

पोरांना घेऊन वळणावर गेलो. नाल्यात मेलेलं वासरू टाकलेलं, वास सुटलेला. फुफाट्यात पाऊल स्पष्ट उठलं होतं, चार बोटं, नखांचे ठसे, पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा. बाजूला खडूसारखी पांढरी विष्ठा, एका पोरानं काडीनं फोडली तर आत हाडाचा चुरा आणि केस. हाडं खातंय म्हणून पांढरी, म्हणलं. मेलेलं खाऊन तुमचं शिवार साफ ठेवणारं जनावर आहे बाबांनो, वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधलं आहे, हात लावला तर जेलची हवा. कुऱ्हाडी खाली झाल्या तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

निघताना मामांनी बाजूला घेतलं. "साहेब, पण ते हसलं हो. बाईमाणसासारखं."

हसल्यासारखा आवाज काढणारं तरस आफ्रिकेतलं, ठिपक्याचं. आपलं पट्टेवालं बहुतेक गप्पच असतं. कोल्हा म्हणावं तर मामांनी जन्मभर कोल्हे ऐकलेत. मी रात्री दोनदा त्या वळणावर जाऊन बसलो, काहीच ऐकू आलं नाही. डायरीत मात्र मामांनी सांगितलं तसंच लिहून ठेवलंय.