एक्सेलमध्ये 70, लेबलवर 69.5

सोयाबीन बियाण्याच्या बॅगेवर जे हिरवं लेबल असते ना, ते छापायचं काम करतो मी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात आमचं छोटं दुकान आहे, झेरॉक्स, सातबारा, लग्नपत्रिका सगळं चालते, पण मे महिना लागला की लेबलाशिवाय दुसरं काही सुचत नाही. जवळच्या गावातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम माझ्याकडे आहे आणि हा प्रकार त्यांच्याच एका लॉटचा. खरीप संपला, माल विकला गेला, तरी डोक्यातून जाऊन नाही राहिला, म्हणून लिहितो.

लोकाइले वाटते लेबल म्हणजे एक चौकट काढली आणि मारली प्रिंट. तसं नसते. डिझाइन एकच, पण जात, लॉट नंबर, उगवण टक्के, शुद्धता, आर्द्रता, तपासणीची तारीख, वैधता हे सगळं लॉटनुसार बदलते आणि ते एक्सेलच्या फाइलमधून ओढावं लागते. लेबल सॉफ्टवेअरमध्ये फाइल जोडायची, एकेका चौकटीला एकेक कॉलम बांधायचा, मग हजारो लेबलं एका दमात निघतात. यात खरी मारामारी कुठं होते ते सांगतो. सॉफ्टवेअर आणि एक्सेलच्या मधला जुना ड्रायव्हर, म्हणजे दोघांना जोडणारा छोटा प्रोग्राम, कॉलमच्या पहिल्या आठ ओळी पाहून ठरवतो की हा आकड्यांचा कॉलम का अक्षरांचा, आता पहिले आठ लॉट नुसत्या आकड्यांचे असले आणि नववा अक्षर घेऊन आला, की नवव्याची जागा चक्क कोरी. एरर नाही, काही नाही, कोरं लेबल गुपचूप बाहेर येते. तारखेचं तर त्याहून वाईट, 05/03 लिहिलं की सेटिंगप्रमाणे कधी 5 मार्च होते कधी 3 मे, आणि 25/03 लिहिलं असलं तर महिना पंचविसावा नसतो म्हणून ते नुसती अक्षरं बनून बसते, म्हणजे एकाच कॉलममधल्या अर्ध्या तारखा उलट्या आणि अर्ध्या बरोबर. म्हणून मी फाइल आली की आधी तारखा आणि लॉट नंबर टेक्स्ट करून घेतो.

मराठी अक्षरांचं दुखणं वेगळंच. 203 डीपीआयच्या प्रिंटरवर एका मिलिमीटरमध्ये आठ ठिपके, आणि प्रिंटरच्या पोटातल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते, त्यामुळे ओळ चित्र म्हणून पाठवावी लागते. चौकटीची उंची इंग्रजी अक्षर धरून ठेवली की 'आर्द्रता'चा रफार वरून कापला जातो. शहरातून छापून आलेल्या कित्येक लेबलांवर मी 'आद्रता' पाहिलं आहे, लोक म्हणतात स्पेलिंग चुकलं, अरे स्पेलिंग नाही, छापणाऱ्याने चौकट वाढवली नाही. जातीचं नाव लांब असलं की सॉफ्टवेअर अक्षर आपोआप बारीक करते, जेएस 335 ठसठशीत आणि पीडीकेव्हीची, म्हणजे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची, सुवर्ण सोया मुंगीएवढी, तेही मी खालची मर्यादा बांधून ठेवतो. रिबन, म्हणजे प्रिंटरची शाईची पट्टी, वॅक्स-रेझिनची लावतो, नुसती वॅक्स बॅगेवर बॅग घासली की पुसते. आणि बिनरिबनचं थर्मल लेबल तर उन्हाळ्यात तापलेल्या टिनाच्या गोदामात काळं पडते.

एवढा जीव कायले लावतोस असं लोक विचारतात. 2020 चा खरीप आठवा. 2019 च्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पाऊस झोडपून गेला होता, बियाणं तिथंच खराब झालं, आणि पुढच्या वर्षी सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. तालुक्याच्या तक्रार समितीपुढे शेतकऱ्याजवळ काय असते? बिल, रिकामी बॅग आणि लेबल. लॉट नंबर पुसला असला तर त्याचं तोंडच बंद.

तर त्या दिवशी. कंपनीच्या अध्यक्ष काकांनी ठरवलं होतं की लेबलवर नुसतं "किमान 70" छापायचं नाही, लॉटची जी खरी उगवण निघाली तीच छापायची. सोयाबीनला कायद्याने किमान 70 टक्के लागते, बहुतेक जण तोच आकडा सगळ्या बॅगांवर छापून मोकळे होतात, त्यात बेकायदेशीर काही नाही. पण 76 असलं तर शेतकरी बियाणं किती टाकायचं ते त्या हिशोबाने ठरवेल, आणि 70 च्या काठावर असलं तर एकरी तीस किलोच्या थोडं वर जाईल, असं काकांचं म्हणणं. मला ते लय पटलं होतं.

फाइल जोडली, टेस्ट प्रिंट काढली, उगवणीच्या जागी 0.76, 0.74 असं आलं. हे नेहमीचं आहे, एक्सेल टक्के दाखवते पण आत अपूर्णांक ठेवते आणि लेबलकडे आतलाच आकडा येतो. शंभरने गुणायचा फॉर्म्युला लावला की झालं. पण एका लॉटला 0.695 आलं. एक्सेलमध्ये त्या खान्यात स्वच्छ 70% दिसत होतं. खाना शून्य दशांशावर ठेवलेला, म्हणून. माझ्या फॉर्म्युल्यालाही मी शून्य दशांश सांगितले असते तर 70 च छापून आलं असतं आणि कोणाला कधी कळलंही नसतं.

तपासणीचं पान मागवून घेतलं. शंभर-शंभर दाण्यांचे चार भाग, 71, 68, 70, 69. बेरीज 278, भागिले चार, 69.5.

कंपनीच्या मॅनेजरला फोन केला तर तो म्हणे, "70 टाक ना भाऊ, अर्ध्या टक्क्यासाठी कायले डोकं खाऊन राहिला." बियाण्याचं काम पाहणारी ॲग्रीवाली ताई आहे, ती शांतपणे बोलली, आणि खरं सांगायचं तर तिचंच बरोबर होतं. उगवणीचा रिपोर्ट पूर्ण आकड्यातच द्यायचा असतो, अर्धा आला की वर न्यायचा असा नियमच आहे, म्हणून 70 लिहिलं तर ते खोटं नाही. मी म्हटलं ताई, नियम मला मान्य आहे, पण काका 'खरी उगवण' म्हणून छापायला सांगून राहिले, त्यांना हे माहीत आहे का? ती गप्प बसली, मग म्हणाली त्यांनाच विचारा.

काका संध्याकाळी दुकानावर आले, चष्मा लावून पान पाहिलं, चारही आकडे बोटाने मोजले. मी त्यांना सांगितलं की ताई म्हणते ते नियमात बसते. ते म्हणाले, "नियमात बसते ते समजलं मले. पण 68 चा भाग ज्याच्या बॅगेत गेला त्याले मी काय सांगू?" मॅनेजरने तेवढ्यात आठवण करून दिली की त्या लॉटला थायरम, म्हणजे बुरशीनाशक, लागलेलं आहे. म्हणजे नापास झाला तर तो माल मंडीतही नेता येत नाही, कारण बीजप्रक्रिया केलेलं बियाणं खायला, जनावराला किंवा तेलाला चालत नाही, आमच्याच लेबलवर ते छापलेलं असते. सगळा तोटा कंपनीच्या माथ्यावर, आणि कंपनी म्हणजे कोण, तीच गावातली माणसं. काका बराच वेळ पाहत बसले आणि म्हणाले, बाकीचे छाप, हा लॉट थांबव, परत तपासू.

सोयाबीनच्या उगवणीची शेवटची मोजणी आठव्या दिवशी होते. लॅबशिवाय काकांनी स्वतःच्या घरीही शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. तोवर जून लागला, ढग दाटून येऊन राहिले होते, आणि त्या लॉटसाठी नाव लावलेले काही शेतकरी थांबले नाही, कृषी केंद्रातून दुसरं बियाणं घेऊन गेले. फेरतपासणीत 71 आलं, गोणपाटात 73. मी 71 छापलं.

मॅनेजर अजूनही म्हणतो की आठ दिवस उगीच घालवले आणि गिऱ्हाईक गेलं, आणि हिशोबाच्या वहीत पाहिलं तर त्याचं चूक नाही. पण मला वेगळीच गोष्ट छळते. एकाच गंजीतले दाणे, एकदा 69.5, एकदा 71, गोणपाटात 73. मग बॅगेवर मी जे छापलं त्यातलं खरं कोणतं? ताईला विचारलं तर ती म्हणते तिन्ही खरे, चारशे दाण्यांच्या तपासणीत एवढा फरक पडतोच, म्हणून तर किमान आकडा छापायची पद्धत आहे. काकांना ते मान्य नाही, शेतकऱ्याला जेवढं आपल्याला माहीत आहे तेवढं सांगितलंच पाहिजे म्हणतात. मी काकांच्या बाजूने आहे, पण ताईच्या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नाही.

आता हरभऱ्याची फाइल आली आहे, त्याला किमान 85 लागते. यावेळी मी ताईकडून सरासरी मागवलीच नाही, चारही भागांचे आकडे चार कॉलममध्ये मागवले आणि प्रूफच्या पानावर बेरजेसकट काढून काकांकडे पाठवतो, त्यांची सही झाल्याशिवाय रोल चढवत नाही. मॅनेजर म्हणतो हे चार आकडे लेबलवर कुठं मावणार. मावतात, मी मांडून पाहिलं आहे, लॉट नंबरच्या खाली सहा मिलिमीटरची पट्टी रिकामीच असते. काकांनी अजून हो म्हटलं नाही.